कडी आतल्या बाजूने

॥ श्री ॥

जळगाव,
१४ जुलै २०२५

चि. नवल यास,

प्रमिलाअक्काचे अनेक आशीर्वाद. विशेष.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. चौमासी चौदसला जैन स्थानकात महासतीजींपुढे मी दोन पच्चक्खाणं घेतली. कार्तिकी पुनवेपर्यंत मोबाईलला हात लावायचा नाही आणि जळगावची हद्द ओलांडायची नाही. बरोबरच्या बायकांनी कोणी गोड सोडलं, कोणी हिरवी भाजी सोडली. माझ्याकडे सोडण्यासारखं एवढंच उरलं होतं. अमन म्हणाला, आई, सोडायचाच तर चहा सोड. माझा मुलगा असून त्याला अजून मी कळले नाही.

अमनचं पुण्याला जाणं पक्कं झालं. दिवाळी आटोपली की निघतील. जागा सातव्या मजल्यावर आहे म्हणे, उजेड चांगला येतो. एक खोली अमनची आणि सूनबाईची, एक जिनलची, पोरीचं दहावीचं वर्ष आहे. माझी गादी हॉलमध्ये सोफ्यामागे. तक्रार नाही, इथेही मी हॉलमध्येच झोपते.

आता तुझ्याबद्दल. पच्चक्खाणाच्या आदल्या दिवशी फोनवर तू जे बोललास ते जेवणानंतरच्या पेंगेत बोललास की शुद्धीत? आपल्या नानांनी हॉलच्या मधोमध बसवलेलं घडीचं दार पुन्हा ओढून घेणार, अर्ध्या हॉलची खोली करणार आणि मला तिथे ठेवणार! अरे, माझ्या लग्नात पंगत मोठी बसावी म्हणून ते दार घडी करून भिंतीला लावलं, ते आजतागायत तसंच. त्याच्यापुढे तुझा फ्रिज आला, कपाट आलं. दार अजून आहे तरी का मागे?

आणि मुख्य म्हणजे दिपमालाला विचारलंस का? अर्धा हॉल तिचा जाणार आहे, तुझा नाही. तू तर दिवसभर दुकानात नाहीतर गल्लीत. मी अजून हो म्हटलेलं नाही, हे ध्यानात ठेव. घाई करू नकोस. घाईचं तुझं एकही काम आजवर धड झालेलं मला आठवत नाही.

माया आहे ती तशीच असू दे, आणि पत्राला उत्तर लिही, अमनच्या फोनवर निरोप ठेवू नकोस.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

गल्ली नं. ५, धुळे,
२२ जुलै २०२५

ती. अक्काच्या सेवेशी,

नवलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने खाली दुकानात दिलं, अर्हमने ते बिलांच्या गठ्ठ्यात टाकलं आणि मला मिळेपर्यंत त्याच्यावर चहाचा डाग पडला. दुकान पोराच्या हाती दिल्यापासून माझ्या वस्तूंची हीच गत आहे. मी गल्ल्यावर बसलो की तो गोड बोलून मला वर पाठवतो. पप्पा, आराम करा. मला आराम जमत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

अक्का, तू मोबाईल सोडलास तो मला न विचारता. चैत्रात तू न्हाणीत पडलीस, अमन दार फोडत होता आणि त्याने मला लावलेला फोन तसाच चालू राहिला होता. मी इथे धुळ्यात उभा राहून ते घाव ऐकले. तू आतून आवाज देत नव्हतीस. तेव्हापासून दिवसातून एकदा तुझा आवाज कानावर पडला नाही की मला घास गिळवत नाही. आणि तू नेमका मोबाईल सोडतेस! संध्याकाळ झाली की फोन हातात घेतो, मग आठवतं, मग खिशात ठेवतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो.

असो. दार आहे! फ्रिज सरकवला, कपाट सरकवलं, मागे चारी पल्ले घडी करून उभे. नानांचा तो हिरवा रंग अजून आहे. तुझ्या लग्नातलं आंब्याच्या डहाळीचं सुतळीचं टोक एका खिळ्याला तसंच होतं. मला काय वाटलं ते लिहीत नाही.

ओढायला गेलो तर हालेना. वरच्या लोखंडी पन्हळीत पल्ल्यांची चाकं फिरतात ती गंजून घट्ट बसली आहेत, आणि खाली दार घासतं, कारण मध्यंतरी आपण जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली तेव्हा दाराचा विचारच कोणी केला नाही. कोणी म्हणजे मीच. हिलाल मिस्त्री सुरतेला कामाला गेला आहे, दसऱ्याला परतेल. तोवर कोण थांबतं? मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, आग्रा रोडवरून रंधा, पकड आणि तेलाची बाटली आणली आणि लागलो कामाला.

समोरचे झुलाल आबा एसटीतून निवृत्त झाल्यापासून आमच्या जिन्यात येऊन बसतात. मी पल्ल्याला खांदा लावून रेटत होतो तर म्हणतात की नवलभाऊ, दार नही, तुम्हीच अडकेल शेतस. मी त्यांना चहा दिला नाही.

दिपमालाला विचारलं. तिची काही हरकत नाही. तू फक्त हो म्हण.

तुझा लोभ मला लहानपणापासून फुकट मिळाला आहे, तो बंद करू नकोस.

तुझा,
नवल


॥ श्री ॥

जळगाव,
३० जुलै २०२५

चि. नवल यास,

अनेक आशीर्वाद.

सोबत राखी आहे. यंदा मी येऊ शकत नाही, तू आलास तर आनंद, नाहीतर दिपमालाकडून बांधून घे आणि दिपमालालाच ओवाळणी घाल.

रंधा विकत आणलास हे वाचून काळजात धस्स झालं. नवल, नीट वाच. भर पावसात लाकूड फुगलेलं असतं. आता घासतंय म्हणून तासशील आणि दिवाळीनंतर वारा कोरडा झाला की तेच लाकूड आक्रसेल, मग हात घालता येईल अशा फटी पडतील. खाली फरशीला घासतं तेवढं काढ, पल्ल्यांच्या कडांना मात्र हात लावू नकोस. त्यांना मेणबत्ती घासून ठेव आणि धीर धर. हे तुला सांगून उपयोग नाही, पण सांगितलं नाही असं नको व्हायला.

दिपमालाची हरकत नाही असं तू लिहितोस. ती स्वतः लिहील तेव्हा मानीन.

इथे अमन रोज एक वस्तू उचलतो आणि मला विचारतो, ही न्यायची की द्यायची. काल माझा पाट दिला. दिवसभर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या घालते आहे, स्थानकात व्याख्यान ऐकतानाही मन ठिकाणावर नसतं. महासतीजी सांगतात घराचा मोह सोडा, आणि मी तिथे बसून तुझ्या दाराच्या चाकांना तेल नीट लागलं असेल का याचा विचार करते. त्यांना कळलं तर माझं आणखी एक पच्चक्खाण वाढेल.

एक विचारायचं होतं. त्या दाराला कडी आहे का? पूर्वी होती का ते मला आठवत नाही. असेल तर कोणत्या बाजूला? सहज विचारते.

अर्हमला आशीर्वाद. माया आहेच, उतू जाऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

धुळे,
११ ऑगस्ट २०२५

ती. अक्काच्या सेवेशी,

नवलचा शि. सा. न. वि. वि.

राखी मिळाली, बांधली. मी स्वतः जळगावला येणार होतो, बसचं तिकीटही पाहून ठेवलं होतं, पण रंध्याने अंगठा कापला. फार नाही. दिपमालाने हळद दाबली आणि वर बरंच काही ऐकवलं.

तुझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशी मी कडा तासून मोकळा झालो होतो. आता काय सांगू? पल्ले एकमेकांना चिकटत होते, मला राहवलं नाही. चारही पल्ल्यांच्या कडा अशा गुळगुळीत झाल्या आहेत की तू बघशील तर खूश होशील. फटींचं तू उगीच मनावर घेतेस. नानांचा साग आहे, तो कशाला आक्रसतो?

दोन पल्ले मस्त सरकले. तिसऱ्याला ओढलं तर वर कसलीशी गुणगुण. स्टुलावर चढून टॉर्च मारला, तर पन्हळीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. ओलसर होतं, म्हणजे नुकतंच. ती येत होती, जात होती, माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. पल्ला आणखी वीतभर ओढला असता तर घर चिरडलं असतं. अक्का, चातुर्मास आहे, आत तिची पिल्लं असणार. मी स्टुलावरून उतरलो. झुलाल आबा म्हणाले की काडीने पाडून टाका, मिनिटाचं काम. मी म्हटलं, तुम्ही जिन्यात बसता ते काय कमी आहे, तिलाही राहू द्या. पिल्लं उडून गेली की ती घर सोडते म्हणतात. तोवर दार अर्धं उघडं, अर्धं बंद. जेवायला बसताना आम्ही आडवे होऊन जातो.

कडीचं विचारलंस. पूर्वी नव्हती. मी नवी पितळी आणून बसवली आहे, हॉलच्या बाजूने. तू अजिबात काळजी करू नकोस. तुझ्या बाजूला कडी, खिट्टी, काही म्हणजे काही ठेवलेलं नाही. तुला कधी चक्कर आली, काही झालं, तर आम्ही क्षणात आत येऊ. चैत्रासारखं पुन्हा होणार नाही. हा विचार मी सगळ्यात आधी केला.

आता तरी हो म्हण. मला तू घरात हवी आहेस. बस.

तुझा,
नवल


॥ श्री ॥

जळगाव,
१९ ऑगस्ट २०२५

चि. नवल यास,

अनेक आशीर्वाद.

अंगठ्याला जप. मी पुण्याला जाते आहे. अमनलाही तसं सांगितलं. जिनलचं दहावीचं वर्ष, सूनबाई नोकरी शोधणार, घरात कोणीतरी हवंच. तू दारासाठी आता कष्ट घेऊ नकोस. पल्ले पुन्हा घडी करून ठेव, कुंभारीण गेल्यावर.

दिपमालाला आणि अर्हमला आशीर्वाद. पर्युषण जवळ आलं, तब्येत बघून उपवास कर.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

धुळे,
३० ऑगस्ट २०२५

ती. अक्कांना,

सौ. दिपमालाचा सा. न. वि. वि.

परवा संवत्सरी झाली. फोन केला असता तर तुम्ही उचलला नसता, म्हणून इथूनच हात जोडते. मिच्छामि दुक्कडम्. पण नुसतं तेवढं म्हणून भागत नाही, कशाबद्दल ते सांगायला हवं. म्हणून हे पत्र.

माझी हरकत नाही असं ह्यांनी तुम्हाला लिहिलं. मला विचारलंच नव्हतं. एक दिवस भाजी घेऊन आले तर फ्रिज स्वयंपाकघराच्या दारात आणि कपाट देवळीपाशी. तेव्हा कळलं. मला राग आला, अक्का. मंगळवारी आमच्या मंडळाच्या बायका हॉलमध्ये बसतात, तेवढाच माझा हॉल. तुम्ही येऊ नये असं मला वाटलं, तुमच्याबद्दल काही मनात नव्हतं तरी वाटलं. ते आता नाही. तुम्ही या असंच वाटतं. त्यात अर्धा स्वार्थ आहे. ह्या माणसाला ऐकवणारं घरात माझ्याखेरीज कोणीतरी हवं.

तुमचं पुण्याचं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी ते वाचलं आणि रंधा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. खाली दुकानात जाऊन बसले, अर्हमने वर पाठवलं. वर आले, दारापुढे उभे राहिले, पुन्हा खाली गेले. संध्याकाळी बघते तर बिजागऱ्या काढून तेलात बुडवून ठेवलेल्या. आता कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, गंजू नयेत. संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागून झाल्यावर स्टुलावर चढले आणि त्या कुंभारणीलाही मिच्छामि दुक्कडम् म्हणाले, टॉर्चचा उजेड डोळ्यांवर मारला म्हणून. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

अक्का, जिनलच्या दहावीचं कारण मला पटलेलं नाही. जुलैतही तिची दहावीच होती. कडीबद्दल ह्यांचं पत्र गेलं आणि तुमचा नकार आला. मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. खरं काय ते मला लिहाल का? नणंद म्हणून नको, बाई म्हणून लिहा.

लहान समजून सांभाळून घेताच, तसंच घ्या.

आपली,
दिपमाला


॥ श्री ॥

जळगाव,
९ सप्टेंबर २०२५

सौ. दिपमालास,

अनेक आशीर्वाद. माझ्याकडूनही मिच्छामि दुक्कडम्.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. राग आल्याचं लिहिलंस ते फार बरं केलंस. त्याच्यामुळे बाकीच्यावर विश्वास बसला.

लिहिते. चैत्रात मी पडले तेव्हा अमनने न्हाणीचं दार फोडलं. हात सोलून निघाले पोराचे. दुसऱ्या दिवशी त्याने घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या, न्हाणीचीसुद्धा. माझ्यासाठीच काढल्या. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की बाबा, लाव? तेव्हापासून आंघोळीला बसले की मी मोठ्याने नवकार म्हणते, आत कोणी आहे हे बाहेर कळावं म्हणून. थांबले की धडकी भरते की कोणी दार ढकलेल. पाणी अंगावर घेताना म्हणते, लुगडं नेसताना म्हणते. जिनल सगळ्यांना सांगते, आजी हल्ली फार धार्मिक झाली. देवाचं नाव मी पहारेकरी म्हणून घेते आहे, हे कोणाला सांगणार?

तुला माहेर-सासर दोन्ही ठाऊक आहेत. माहेरी आई गेल्यावर भावंडं माझ्या अवतीभवती, नवल तर पदर सोडत नसे. सासरी भरलं घर, दिवसा खोली सगळ्यांची. मग मुलं, मग हे आजारी. कडी लावून बसता येईल अशी जागा मला जन्मात एकच मिळाली, न्हाणी. ती गेली.

नवल अर्ध्या हॉलचं बोलला तेव्हा मी हो म्हटलं नाही, पण मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की दाराला कडी असेल. आत मी काय करणार? काही नाही. केस मोकळे सोडून बसेन. पाय पसरीन. रडावंसं वाटलं तर रडेन आणि कोणाला कारण सांगावं लागणार नाही. तेवढ्यासाठी मी इथे दोन महिने या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या घालते आहे. या वयात असल्या गोष्टीसाठी जीव टाकते म्हणून माझी मलाच लाज वाटते.

आणि नवलने कडी बाहेरून बसवली. कशासाठी ते मला कळतं ग. पण बाहेरून कडी धान्याच्या कोठीला असते. त्यापेक्षा पुण्याचा हॉल बरा, तिथे निदान दारच नाही.

हे नवलला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल, आणि वाईट वाटलं की तो काहीतरी खोलून ठेवतो.

तुझ्या मंगळवारच्या बायकांना माझा जय जिनेंद्र. तुझा लोभ आता मी मागून घेते आहे, देशील तेवढा दे.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

धुळे,
५ ऑक्टोबर २०२५

ती. अक्काच्या सेवेशी,

नवलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दिपमालाने मला वाचून दाखवलं. नवलला सांगू नकोस हेही वाचून दाखवलं. तिला बोलू नकोस. मी आठवडाभर तिच्याशी आणि तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होतो, म्हणून उत्तराला उशीर.

रागाने लिहितो आहे असं समज. मला सांगता येत नव्हतं? कड्या काय, मी दहा लावल्या असत्या. आणि मग तू आत पडली असतीस तर? मला ते घाव पुन्हा ऐकू येतात, अक्का. घरात कोणी कडी लावली तरी ऐकू येतात. अर्हम आंघोळीला गेला की मी बाहेर खोकत उभा राहतो, तो चिडतो. मला भीती वाटते. आई गेली तेव्हा तू होतीस. तू गेलीस तर मला कोणी नाही, बायको-पोरगा असून नाही. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तुझी लाज आणि माझी भीती घेऊन मी दारापुढे बसलो. कडी आत लावावी तर मी मरतो, बाहेर लावावी तर तू. झुलाल आबांनीही दोन दिवस काही टोमणा मारला नाही, म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल बघ.

मग बिजागऱ्या परत बसवताना लक्षात आलं. घडीच्या दाराला बिजागऱ्या आलटून पालटून असतात, एक जोड या बाजूला, पुढचा त्या बाजूला, म्हणून तर ते घडी होतं. शेवटचा पल्ला, म्हणजे तू रोज उघडशील तो, तिसऱ्याला जोडलेला आहे आणि त्या जोडाच्या बिजागऱ्या हॉलच्या बाजूला येतात. आपल्या जुन्या बिजागऱ्यांच्या सळया ठोकून बसवलेल्या होत्या. मी पाचकंदीलच्या बाजारातून सळई निघणाऱ्या बिजागऱ्या आणल्या. बाहेरून सळया वर ओढल्या की पल्ला सुटतो, आतली कडी लावलेली असली तरी. फोडायला नको, घाव नको.

म्हणजे कडी तुझ्या बाजूला. पितळी कडी मी हॉलकडून काढली, तिची भोकं लांबी भरून बुजवली आणि ती आत बसवली. तुझा हात सहज पोचेल एवढ्या उंचीवर. आणि सळया माझ्या बाजूला. तू मला बोलावलंस, किंवा हाक मारून उत्तर आलं नाही, तरच मी त्यांना हात लावीन. शपथ नानांची.

आम्ही परीक्षा घेतली. दिपमालाला आत पाठवलं, तिने कडी लावली. मी सळया ओढल्या, पल्ला सुटला आणि माझ्या पायावर पडला. ते माझं चुकलं, पल्ला धरायला हवा होता. पुन्हा बसवला, पुन्हा तिला आत पाठवलं, पुन्हा तिने कडी लावली. या खेपेला पल्ला नीट धरायचा म्हणून मी अर्हमला खालून बोलावलं, तर आतून ती म्हणाली, जरा थांबा. आम्ही थांबलो. अर्हम कंटाळून खाली गेला. ती चहाच्या वेळेला बाहेर आली. आत काय करत होतीस म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही. तुझ्या पत्रातही हेच होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

कुंभारीण गेली. मातीच्या घराला भोक पडलंय, आत काही नाही. चारी पल्ले आता भिंतीपासून भिंतीपर्यंत येतात. भाऊबीजेला मी जळगावला येतो, बिजागरी घेऊन येतो. स्वतः बघ, अमनलाही दाखव. मग हो म्हण, नाहीतर नाही म्हण. पण नाही म्हणायचं तर पुण्याचा उजेड आणि जिनलची दहावी सांगू नकोस.

रागावलो असलो तरी लोभ तोच आहे. तुझाही तोच ठेव.

तुझा,
नवल


॥ श्री ॥

धुळे, घडीच्या दाराच्या आतून,
१२ नोव्हेंबर २०२५, दुपार

चि. नवल यास,

अनेक आशीर्वाद.

चातुर्मास संपला, मोबाईल उशाशी आहे, तू दाराच्या पलीकडे आहेस आणि हाक मारली तर ऐकशील. तरी लिहिते. चार महिन्यांत तुझ्याशी कागदावर बोलायची सवय लागली, आणि काही गोष्टी तुझ्या तोंडाकडे बघून मला सांगता येणार नाहीत.

भाऊबीजेला ताटात तू ओवाळणी म्हणून बिजागरी ठेवलीस तेव्हा सूनबाई तोंडावर पदर धरून हसली. पण अमन हसला नाही. तिची सळई त्याने काढली, घातली, काढली, घातली. नंतर परवा मला इथे पोचवायला आला तेव्हा माझी पिशवी खाली ठेवण्याआधी तो दारापाशी गेला आणि तिथल्या सळया ओढून बघितल्या. मग म्हणाला, आई, ठीक आहे. निघताना त्याचे डोळे भरले होते. माझेही. पुण्याची न्हाणी बघून त्याने तिथेही असंच करायचं ठरवलंय, मी पाहुणी म्हणून जाईन तेव्हासाठी.

आता आजचं. जेवण झालं, मी आत आले, पल्ले ओढले. हलके आले. तू काम चांगलं केलंस, हे एकदाच लिहिते. मग कडी लावली. तिचा आवाज झाला आणि बाहेर तुझ्या वर्तमानपत्राचा आवाज थांबला. तू उठलास ते मला दिसलं. कारण नानांचा साग आक्रसला आहे, नवल, आणि श्रावणात तू तासलेल्या कडांमध्ये बोटभर फट पडली आहे. सांगितलं होतं. तिच्यातून तुझा लेंगा इकडून तिकडे, तिकडून इकडे जाताना दिसतो. हातात पकड आहे, तीही दिसते. ठेव ती खाली.

मी काय करते आहे ते तुला कळायला हवं, नाहीतर तुला चैन पडणार नाही. केस सोडले आहेत. पाय पसरले आहेत. थोडी रडले, ते संपलं. नवकार म्हणते आहे, पण मनात. मोठ्याने म्हणावा लागत नाही, कोणी दार ढकलेल म्हणून मधेच अडखळावं लागत नाही. किती दिवसांनी तो मी देवासाठी म्हटला. म्हणून आतून आवाज येत नाही. मी गप्प आहे ती बरी आहे म्हणून गप्प आहे, एवढं तुझ्या भीतीला सांग.

मंगळवारी मंडळाच्या बायका गेल्या की ही खोली दुपारभर दिपमालाची. तिला मी सांगितलं आहे, ती नाही म्हणाली नाही. त्या वेळी मी बाहेर तुझ्याजवळ बसेन आणि झुलाल आबांना चहा देऊ आपण.

हिलाल मिस्त्रीला बोलावून फट बुजवायचं तुझ्या मनात आहे, असं अर्हम म्हणत होता. बुजवू नकोस. ही चिठ्ठी तिच्यातूनच सरकवते आहे, उचलून घे.

लोभ भिंतीपलीकडून नाही, फटीतून आहे, तो असाच येत राहू दे. चहा झाला की एकदा टकटक कर. कडी मी काढीन.

तुझी,
अक्का